भंगारवाला दारात येण्याआधी

मृग लागायच्या आत माळा आवरायचा, ही आमच्या सासूबाईंच्या वेळेपासूनची पद्धत. रत्नागिरीत एकदा पाऊस सुरू झाला की चार महिने काही धड वाळत नाही, आणि माळ्यावर गेलेली वस्तू पुढच्या मे महिन्यापर्यंत खाली येत नाही. गेल्या वर्षी मी पदर खोचून कामाला लागले. काय काय निघालं म्हणता! जुन्या ट्यूबलाइट, बंद पडलेला मिक्सर, कलमांच्या फवारणीचे रिकामे डबे, रद्दी आणि "कधीतरी लागतील" म्हणून जपलेल्या डझनभर बरण्या. बरण्या सोडून बाकी सगळं दोन पोत्यांत कोंबलं आणि गल्लीत आरोळी देत आलेल्या भंगारवाल्याला हाक मारली. ताणकाट्यावर वजन होताना अर्ध्या किलोसाठी घासाघीस केली, तेही सांगून टाकते.

आठ दिवसांनी तो पुन्हा आला, तर अंगठ्याला फडकं बांधलेलं. "काय झालं हो?" म्हणून विचारलं. म्हणाला, "ताई, तुमच्या पोत्यात ट्यूब फुटली होती. रात्री मी नि बायको निवडायला बसलो, तेव्हा लागली." आवाजात तक्रार नव्हती. "काच वेगळी देत जा, मी नेईन," एवढंच बोलला. मी मात्र चांगलीच ओशाळले. शाळेत मुलांना स्वच्छतेवर निबंध घालणारी मी!

आपण पोतं दिलं की काम संपलं, असं समजतो. पण ते पोतं कुठेतरी कुणीतरी उघड्या हातांनी सोडतं. पुण्यात ह्याच कामातल्या माणसांनी १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली. पुढे 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था घरोघर कचरा उचलू लागली. वापरलेले सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वर लाल खूण करा, म्हणजे पुडी कुणी हाताने उघडणार नाही, असं त्यांनी घरोघरच्या बायकांना सांगितलं. साधी गोष्ट, पण आपल्याला कधी सुचली होती का? घरात एक लाल खडू ठेवला की झालं. ब्लेड, इंजेक्शनच्या सुया जाड डब्यात घालून झाकण चिकटवावं. २०१६ च्या केंद्रीय नियमांनी कचऱ्याचे ओला, सुका आणि घरातला घातक असे तीन भाग पाडले. पहिले दोन आपण शिकलो, तिसरा मात्र अजून पोत्यातच जातो.

ट्यूबलाइट आणि सीएफएल दिव्यांत थोडासा पारा असतो (एलईडीत नसतो). दिवा फुटला तर मुलांना बाहेर काढावं, पंखा बंद करून खिडक्या उघडाव्यात. केरसुणी फिरवू नये, त्याने पारा पसरतो. जाड पुठ्ठ्याने काचा गोळा कराव्यात, बारीक चुरा ओल्या कागदाने टिपावा आणि सगळं झाकणाच्या बरणीत भरावं. जुना काचेचा थर्मामीटर फुटला तर पारा ह्याहून कितीतरी जास्त असतो. आधी हातातल्या सोन्याच्या बांगड्या, अंगठी काढून ठेवा, कारण पारा सोन्याला धरतो. मोरीत तर तो अजिबात ओतू नये. जपानात मिनामाटा इथे कारखान्याचा पारा समुद्रात गेला, मासळीत उतरला आणि ती खाणारी माणसं लुळी पडली. १९५६ साली हा आजार उघडकीस आला. आपल्या एका थर्मामीटरने तसं काही होणार नाही हे खरं, पण मिरकरवाड्याची मासळी आवडीने खाणाऱ्यांनी पारा गटारात का सोडावा?

आणखी एक आपली खोड म्हणजे न्हाणीतली चूल. सोडणं, करवंट्या, झावळ्या जाळणं वेगळं. आम्ही मात्र पेटवणाला दुधाच्या पिशव्या घालत असू, कारण त्या भुर्रकन पेटतात. तो धूर बाईच्याच नाकातोंडात जातो. तांबं काढण्यासाठी वायरी जाळणं तर त्याहून वाईट, त्यांच्या वेष्टणातून विषारी वायू निघतात. वायर तशीच द्या, दोन पैसे कमी मिळाले तरी चालतील.

"मग परसात पुरून टाकू," असं शेजारच्या वहिनी म्हणाल्या. पण आपला जांभा चाळणीसारखा. वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस त्यातून झिरपतो आणि विहिरीला मिळतो. जुनी औषधं, बॅटऱ्या, फवारणीचे डबे पुरायचे म्हणजे आपल्याच घागरीत घालायचे. फवारणीचा डबा तीनदा खळबळून ते पाणी फवारणीच्याच टाकीत घालावं, विहिरीजवळ धुऊ नये, मग भोक पाडावं, म्हणजे कुणी त्यात मीठ किंवा रॉकेल भरणार नाही. भंगारात द्यायचाच तर सांगून द्यावा.

मोबाइलची बॅटरी सुजली असेल तर टोचू-दाबू नका, पेट घेते. टोकांना चिकटपट्टी लावून वेगळी ठेवा. इन्व्हर्टरची बॅटरी नवी घेताना दुकानदार जुनीचे पैसे वजा करतो, तिथेच द्यावी. गटारात आम्ल ओतून रिकामी करणाऱ्याला देऊ नये. फ्रिज अंगणात फोडू देऊ नका, आतला वायू आणि तेल बाहेर येतं.

टेम्पो ठरवायचा झाला तर भाव आधी, हमाली धरून की वेगळी ते आधी, आणि मुख्य म्हणजे माल कुठे टाकणार ते आधी विचारावं. बांधकामाचं डबर रात्री पऱ्यात ओतून मोकळे होणारे असतात, आणि पावसात तेच पाणी आपल्या अंगणात चढतं. रद्दी देताना बँकेचे कागद, आधारच्या प्रती फाडून घ्या. डबे उघडून पाहा, ओळखीच्या एका आजींची नथ तांदळाच्या जुन्या डब्यातून भंगारात जाता जाता वाचली!

यंदा गणपतीच्या आधी आमच्याकडे पुन्हा एक ट्यूब फुटली. जपून ठेवलेल्या बरण्यांपैकी एक अखेर कामाला आली. वर चिठ्ठी चिकटवली आणि घंटागाडीवरच्या मुलाच्या हातात देताना, "आत काच नि पारा आहे रे," असं सांगितलं. त्याने ती बाकीच्या कचऱ्यात न टाकता ड्रायव्हरच्या शेजारी उभी करून ठेवली.