शिकाऊ समुपदेशकाच्या मागे कोण उभं असतं?

जुन्या शहरातल्या शहागंजात दुकानाला दुकान आणि घराला घर लागून. इथला माणूस समुपदेशकाकडे गेला तर फीच्या आधी विचारतो, बाहेर कळणार नाही ना? त्यात समोरची मुलगी अजून एम.ए.ला आहे आणि तिच्या कामावर देखरेख करणारे सुपरव्हायझर ही केस ऐकणार आहेत म्हटल्यावर तो उठूनच जायचा.

गैरसमज: सुपरव्हायझरला सांगितलं म्हणजे गुपित फुटलं.
तसं नाही. क्लायंटला आधी सांगून, त्याची संमती घेऊन, ओळख झाकून ही चर्चा व्हायला हवी. 2017च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम 23 गोपनीयतेचा हक्क देतं. उपचारासाठी लागणारी माहिती दुसऱ्या आरोग्य व्यावसायिकाला देण्याची मुभाही त्यातच आहे. मात्र जुन्या शहरात नुसतं नाव खोडून भागत नाही. ‘सराफ्यात दुकान, तिघे भाऊ, धाकट्याचं लग्न मोडलेलं’ एवढ्यावरून ऐकणारा घर ओळखतो. धंदा आणि भावांची संख्याही बदलावी लागते.

गैरसमज: एम.ए. मानसशास्त्र झालं की माणूस क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट.
नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलं, देखरेखीखालचं प्रशिक्षण लागतं. इतर मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशकांसाठी 2021चा वेगळा कायदा आहे.

गैरसमज: वर्षं गेली की हात आपोआप बसतो.
अमेरिकेत गोल्डबर्ग आणि सहकाऱ्यांनी 170 थेरपिस्ट आणि त्यांच्या साडेसहा हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासल्या (2016). अनुभव वाढला तसे परिणाम सरासरीने सुधारले नाहीत, उलट किंचित घसरले. काही जण मात्र सुधारत गेले.

गैरसमज: विद्यार्थी सुपरव्हायझरला सगळं सांगतात.
खरी गोम इथे आहे. लॅडनी आणि सहकाऱ्यांच्या 1996च्या अभ्यासात सुमारे 97 टक्के शिकाऊंनी काही ना काही दडवल्याचं कबूल केलं, आणि सर्वांत जास्त दडवली ती सुपरव्हायझरबद्दलचीच नाराजी. एलिस यांच्या 2014च्या अभ्यासात 363 जणांपैकी 93 टक्क्यांना मिळणारी सुपरव्हिजन निकषांवर अपुरी ठरली. तिसऱ्या हिश्श्याहून जास्त जणांच्या बाबतीत ती चक्क हानिकारक होती. हे आकडेही अमेरिकेतले. पण आपल्याकडे जे सर केस ऐकतात त्यांच्याच हाती इंटर्नशिपचे गुण असले, तर ‘सर, कालच्या सेशनमध्ये मला काही सुचलंच नाही’ हे तोंडातून निघणार कसं? माझ्या मते गुण देणारा आणि केस ऐकणारा माणूस वेगळा असावा. विभागात माणसं कमी असतात हे खरं, तरी.

दुसरा मार्ग रेकॉर्डिंगचा. कार्ल रॉजर्स यांनी 1942मध्येच एका क्लायंटच्या सगळ्या सेशन्सचा ध्वनिमुद्रणावरून उतरवलेला मजकूर पुस्तकात छापला होता. आठवणीतून सांगितलेल्या केसमध्ये विद्यार्थी स्वतःची चूक गाळतो, बहुतेकदा नकळत. टेप गाळत नाही. अर्थात क्लायंटची लेखी संमती हवी. शहागंजात ती सहज मिळणार नाही. मग दोन विद्यार्थ्यांनी आळीपाळीने क्लायंट होऊन केलेला सराव रेकॉर्ड करावा आणि तोच सुपरव्हायझरसमोर लावावा.