किमतीचा हिशेब

बाजार म्हटला, की दुकानांच्या रांगा, तराजू आणि भावाची घासाघीस आपल्या डोळ्यांसमोर येते. आता मोबाइलवरही बाजार भरतो. या बाजारात दुकानाचे भाडे नाही, पाटी नाही, गल्लाही नाही. घरात तयार केलेल्या वस्तूचा फोटो दाखवून ती दूरच्या गावी विकता येते. त्यामुळे अनेक घरांतील स्त्रिया व तरुण या व्यवसायाकडे वळले आहेत. पण बाजार नवा असला, तरी हिशेब जुनाच आहे. तो चुकला, तर भरपूर विक्री होऊनही नुकसान होते.

आमच्या मोहल्ल्यात एक खाला राहतात. त्या कापडी पिशव्या फार सुबक शिवतात. गेल्या वर्षी त्यांनी मोबाइलवरून पिशव्या विकायला सुरुवात केली. किंमत १५० रुपये, घरपोच मोफत. तीन महिन्यांत १०० पिशव्या खपल्या. घरात सर्वांना आनंद झाला. एके दिवशी मात्र खाला मला म्हणाल्या, "बेटा, पिशव्या तर भराभर विकल्या जातात, पण पैसे कुठे जातात तेच कळत नाही. मुलीच्या अकरावीच्या प्रवेशासाठी ठेवलेली रक्कमही कापडात गेली."

मी विचारले, "खाला, दीडशे रुपये ही किंमत तुम्ही कशी ठरवली?"

त्या म्हणाल्या, "दुसरे लोक एकशे साठला विकतात, म्हणून मी दहा रुपये कमी ठेवले. पंच्याऐंशी रुपयांचा माल लागतो. म्हणजे पासष्ट रुपये सुटायला हवेत ना?"

येथेच चूक होती. त्यांची दहावीतील मुलगी वही घेऊन बसली. तिने एका पिशवीचा खर्च लिहिला :

कापड, अस्तर, चेन व दोरा : ८५ रुपये
पार्सलचे साहित्य : ८ रुपये
कुरिअर : ५० रुपये
विक्री करून देणाऱ्या कंपनीचे कमिशन (शेकडा १२) : १८ रुपये
एकूण : १६१ रुपये

खाला त्या आकड्याकडे पाहतच राहिल्या. प्रत्येक पिशवीमागे ११ रुपये तोटा! १०० पिशव्यांवर ११०० रुपये गेले होते. शिवाय त्यांनी रात्री जागून केलेल्या कामाची मजुरी त्यात धरलेलीच नव्हती.

मग किंमत कशी ठरवावी? प्रथम सर्व खर्च मोजावा. माल, पार्सल आणि कुरिअर मिळून १४३ रुपये झाले. दहा पिशव्यांपैकी एक परत येत असेल, तर तिच्या जाण्यायेण्याचे १०० आणि पार्सलचे ८ रुपये वाया जातात. हे १०८ रुपये उरलेल्या नऊ पिशव्यांवर वाटले, की प्रत्येकीवर १२ रुपये येतात. वीज, सुई, तेल यांचे ५ रुपये आणि एका तासाच्या शिलाईची मजुरी ५० रुपये धरली. एकूण २१० रुपये झाले.

कमिशन मात्र खर्चावर लागत नाही, विक्रीच्या किमतीवर लागते. २७५ रुपये किंमत ठेवली, तर ३३ रुपये कमिशन जाते आणि २४२ रुपये हाती येतात. त्यातून २१० रुपये वजा केले, की ३२ रुपये उरतात. हाच खरा नफा. मजुरी म्हणजे नफा नव्हे, ती कष्टाची किंमत आहे.

किंमत वाढवताच मागणी कमी झाली. खाला घाबरल्या. तेव्हा मुलीने एक उपाय सुचवला. दोन पिशव्या एकाच पार्सलातून पाठवल्या, तर कुरिअरला १०० ऐवजी ६० रुपये लागतात. म्हणून त्यांनी दोन पिशव्यांची जोडी ५०० रुपयांना ठेवली. गिऱ्हाइकाचे ५० रुपये वाचले आणि दोन पिशव्यांवरचा खालांचा नफाही वाढला. आता विक्री पूर्वीपेक्षा कमी आहे. पण दर महिन्याला थोडी शिल्लक राहते.

योग्य किंमत मागणे हा विक्रेत्याचा हक्क आहे. त्याचबरोबर गिऱ्हाइकाला खरे सांगणे हे त्याचे कर्तव्य आहे. २०२० च्या ई-व्यापार नियमांनुसार वस्तूची सर्व खर्चांसह एकूण किंमत आणि परतीचे नियम आधीच सांगावे लागतात. गिऱ्हाईक बनून स्वतःच्याच मालाची खोटी स्तुती लिहिण्यासही मनाई आहे. "फक्त दोनच नग शिल्लक" असे खोटे सांगून घाई करायला लावणे, किंवा पैसे भरताना अचानक नवा आकार जोडणे, या गोष्टींवर २०२३ मध्ये केंद्र सरकारने बंदी घातली. फसवणूक झाल्यास ग्राहक १९१५ या क्रमांकावर तक्रार करू शकतो.

विक्रेत्यानेही सावध राहावे. पैसे पाठवल्याचे चित्र कोणीही बनवू शकतो. म्हणून रक्कम खात्यात जमा झाल्याची खात्री केल्यावरच माल पाठवावा. पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन टाकावा लागत नाही. तो मागणारा माणूस ठगच समजावा.

मित्रांनो, हिशेब, जमा, खर्च, बाकी, नफा, किंमत हे शब्द मराठीत आहेत आणि उर्दूतही आहेत. बाजारात एकत्र वावरताना दोन्ही भाषांनी ते सांभाळले. शब्द आपल्या ओळखीचे आहेत. आता त्यांचा उपयोग वहीत करायला शिकूया. खालांच्या घरी रोज रात्री मुलगी जमाखर्च लिहिते. गणिताच्या तासाला शिकलेली शेकडेवारी तिच्या आईच्या कष्टांना मोल मिळवून देत आहे.

शब्दार्थ
घासाघीस : भाव कमी करण्यासाठी केलेली बोलाचाली
सुबक : सुंदर व नीटनेटके
अस्तर : आतल्या बाजूने लावलेले कापड
आकार : येथे अर्थ, जादा घेतलेली रक्कम

स्वाध्याय
१. खालांना प्रत्येक पिशवीमागे तोटा का होत होता?
२. मजुरी आणि नफा यांत काय फरक आहे?
३. जोडीने पिशव्या विकल्यामुळे कोणाचा कसा फायदा झाला?
४. तुमच्या घरी तयार होणाऱ्या एखाद्या वस्तूचा खर्च लिहा आणि तिची किंमत ठरवा.