एम ८७ : दीर्घिकेचा पत्ता कसा शिकवाल?



शिरूरच्या मुलाला पत्ता विचारा. तो गाव, तालुका शिरूर, जिल्हा पुणे असं सांगेल. दौंडच्या मुलीचा तालुका वेगळा, पण जिल्हा तोच. दीर्घिकांचा पत्ता शिकवायला एवढी सुरुवात पुरते.

आपली आकाशगंगा हे आपलं गाव. सुमारे २५ लाख प्रकाशवर्षांवरची देवयानी दीर्घिका हे शेजारचं मोठं गाव. या दोघी आणि कितीतरी छोट्या दीर्घिका मिळून 'स्थानिक समूह' होतो. हा आपला तालुका. कन्या राशीच्या दिशेला, साधारण साडेपाच कोटी प्रकाशवर्षांवर, फार दाट वस्तीचा दुसरा तालुका आहे : कन्या गुच्छ. त्यात हजाराहून अधिक दीर्घिका आहेत. दोन्ही एकाच महागुच्छात, म्हणजे एकाच जिल्ह्यात मोडतात.

कन्या गुच्छाच्या मध्याजवळ एम ८७ ही लंबवर्तुळाकार दीर्घिका आहे. शार्ल मेसिए यांनी १७८१ मध्ये तिची नोंद केली. तिच्या केंद्रातल्या कृष्णविवराचं चित्र २०१९ मध्ये जगाने पाहिलं.

तिला सर्पिल भुजा का नाहीत? मुलं म्हणतात, "सर, ती म्हातारी झाली म्हणून." इथे थांबा. कारण वय नव्हे, शेजार. दाटीत दीर्घिका एकमेकींत विलीन होतात. ताऱ्यांची शिस्तीची फेरी मोडते, प्रत्येक तारा आपापल्या वाटेने फिरू लागतो. नवे तारे घडवायला लागणारा थंड वायूही फारसा उरत नाही.

मैदानावर करून पाहा. मुलांची दोन रिंगणं फिरवा, मग हळूहळू एकमेकांत शिरू द्या. कुणी कुणाला धडकणार नाही, पण रिंगण उरणार नाही. ताऱ्यांचंही असंच होतं.

एक सावधगिरी मात्र बाळगा. तालुक्याची हद्द सरकार ठरवतं, समूहाची गुरुत्वाकर्षण. आपला समूह त्याने बांधलेला आहे. कन्या गुच्छ मात्र आपल्यापासून दूरच जातो आहे. हा फरक सांगितला नाही, तर उपमाच चूक शिकवेल.

एम ८७ मधून जोरदार रेडिओ लहरीही येतात. अशा लहरी टिपणाऱ्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आपल्याच जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यातल्या खोडद परिसरात आहेत. सहलीचं ठिकाण ठरवताना लक्षात असू द्या.