शेटलंड पोनीचा मोजका चारा

स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांवर वारा सोसाट्याचा आणि गवत खुरटं. तिथल्या पोनींनी शतकानुशतकं त्यावरच गुजराण केली. हिवाळ्यात किनाऱ्यावर वाहून आलेलं समुद्रशेवाळही खाल्लं. जेमतेम 107 सेंटिमीटरपर्यंत वाढणारं हे घोडं थोडक्यात भागवणारं. त्यालाच हिरव्यागार कुरणात मोकळं सोडलं, वर रोज चंदी चारली, की दुखणं सुरू होतं.

घोड्याच्या मोठ्या आतड्यातले सूक्ष्मजीव चाऱ्यातला तंतुमय भाग आंबवतात आणि त्यातून त्याला ऊर्जा मिळते. धान्यातला स्टार्च किंवा कोवळ्या गवतातली साखर प्रमाणाबाहेर गेली, तर रक्तातलं इन्सुलिन फार वाढतं आणि खुराला आतल्या हाडाशी धरून ठेवणारे नाजूक पापुद्रे सैल पडतात. पुढचे पाय लांब टाकून, भार मागे झोकून उभा असलेला पोनी भयंकर वेदनेत असतो. अशा वेळी पशुवैद्यांना लगेच बोलवावं.

वाळलेलं गवत मोजूनच घालावं. दिवसाला वजनाच्या दीड ते दोन टक्के, म्हणजे 200 किलोच्या जनावराला 3 ते 4 किलो. जोडीला क्षार-जीवनसत्त्वांचं पूरक, मीठ, स्वच्छ पाणी. बरगड्या दिसू नयेत, पण हात फिरवला की बोटांना लागाव्यात. मानेवरची चरबी घट्ट लागली तर सावध व्हावं.

मात्र बारीक करायचं म्हणून उपाशी ठेवणं क्रूर आहेच, घातकही आहे. अंगातली चरबी एकदम रक्तात उतरते, यकृतावर साचते आणि पोनी दगावू शकतो.