पडणार हे धरूनच घडवलेली

टाकीवरचा हिरवा रंग जिथे उडालाय, तिथे नखाने हलकेच खरवडून पाहा. हिरव्याखाली हिरवाच निघतो, त्याच्याखाली पुन्हा हिरवा. चकाकी सैन्याला चालत नाही, ती लांबून दिसते. म्हणून टवका उडाला की मॅट हिरव्याचा एक हात मारायचा आणि गाडी परत कामावर. झाडाच्या खोडातली वर्तुळं मोजावीत, तसे हे थर मोजत बसावंसं वाटतं.

ही ब्रिटिश लष्करातून निवृत्त झालेली हार्ले-डेव्हिडसन एमटी-३५०. हार्ले म्हटलं की क्रोम, दोन सिलिंडर आणि छातीत उतरणारी धडधड डोळ्यांपुढे येते. हिच्याकडे यातलं काहीच नाही. एकच सिलिंडर, तोही ऑस्ट्रियातल्या रोटॅक्सचा. मूळ आराखडा इटलीच्या एसडब्ल्यूएम कंपनीचा. ती बंद पडल्यावर इंग्लंडच्या आर्मस्ट्राँगने तो आराखडा घेऊन लष्करासाठी एमटी-५०० बनवली. तिचे हक्क हार्लेने १९८७ मध्ये घेतले आणि १९९३ मध्ये लहान इंजिनाची, बटनस्टार्टची ३५० आणली. बटन आलं, तरी किक मात्र काढली नाही. बॅटरी कधी दगा देईल याचा नेम नसतो, आणि रानात ढकलायला माणसं कुठून आणणार?

हा विचार गाडीभर दिसतो. टाकीच्या दोन्ही अंगांना, स्वाराच्या गुडघ्यांपुढे, दोन पेट्या आहेत. त्यांत सामान राहतंच. पण गाडी आडवी झाली की जमिनीचा पहिला मार त्या खातात, पाय वाचतो. मागे रायफलची लांब पेटी. पुढचं चाक २१ इंची, खड्ड्यात अडकण्याऐवजी त्यावरून चढून जाणारं. ताफ्याच्या वाटेवर चौकात उभं राहून ट्रक मार्गी लावायचे, मग कडेच्या चिखलातून पुढे निघून पुढचा चौक गाठायचा, हे हिचं काम. चालवणारा विशीतला पोरगा. उद्या ही गाडी त्याच्याकडे असेलच असं नाही. तो पडणार, तिला आपटणार, आणि दुरुस्तीला भलताच कोणी बसणार, हे सगळं धरूनच ती घडवलेली आहे.

म्हणून तर ती हवीशी वाटते. शोरूममधून आणलेल्या नव्या गाडीवर पहिला ओरखडा उठला की जीव कळवळतो. हिच्या अंगावर ओरखड्यांना जागाच उरलेली नाही. त्यामुळे तुम्ही मोकळ्या मनाने दगडगोट्यांत शिरता, पडता, उठता, हँडल सरळ करून निघता. घरी आल्यावर पाने काढून बसलात, तर हवेवर थंड होणारं साधं इंजिन समोर उघडं असतं. रोटॅक्सचं हे घराणं एप्रिलिया, एमझेड, सीसीएम अशा बऱ्याच गाड्यांत नांदलं, त्यामुळे इंजिनाचे सुटे भाग शोधले की मिळतात.

उणिवाही सांगायला हव्यात. वजन दीडशे किलोंच्या वर. आजच्या हलक्या ट्रेल गाड्या चढावर हिला सहज मागे टाकतील. लिलावातून घेतलेल्या गाडीने काय काय सोसलंय, ते इंजिन खोलल्याशिवाय कळत नाही. तेव्हा पहिला हिवाळा ऑइल सील, वायरिंग आणि गंजलेल्या बोल्टांशी झटण्यात जाणार, हे समजून घ्यावं.

सैन्यातून निघालेल्या गाडीचं आकर्षण आपल्याला नवं नाही. डिस्पोजलच्या जीपा आपल्याकडे गावोगाव राबल्या आणि लोकांनी त्या जिवापाड जपल्या. स्वतःच्या पैशाने, सुटीच्या दिवशी अशी गाडी उभी करणाऱ्याला घरचे म्हणतातच, कशाला या लष्करच्या भाकऱ्या? पण पेटीवरचा तो खोल चरा बघा. तिथे कुणाचा तरी पाय वाचला होता. त्याचं नाव आपल्याला कधी कळणार नाही. चऱ्याच्या कडा घासून घ्यायच्या, वरून हिरव्याचा पातळ हात द्यायचा. थरांत आपलाही एक थर पडतो.