परिचारिकेचा अभ्यास

आमच्या इंदूरकडील मराठी घरांतून मुलगी नर्सिंगला गेली की तिच्यापुढे तीन भाषा एकदम उभ्या राहतात. घरी मराठी, शाळा बहुधा हिंदी माध्यमाची आणि पुस्तके इंग्रजी. माझी पुतणी पहिल्या वर्षाला असताना पुस्तकात लाल-निळ्या रेघा ओढी, पहाटे चारला उठून तेच पान पुनःपुन्हा वाची, आणि आम्ही कौतुकाने तिला चहा करून देत असू. चाचणीत मात्र सारे कोरे! मुलीच्या कष्टांत उणीव नव्हती, रीत चुकत होती.

वाचलेले ओळखीचे वाटू लागले की ते आले असा भास होतो. अमेरिकेतील रोडिगर व कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, तर काहींनी तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे सरस ठरले; आठवड्यानंतर आठवून लिहिणाऱ्यांच्या ध्यानात अधिक उरले होते. तेव्हा पान वाचावे, पुस्तक मिटावे आणि कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहावे. दोन दिवसांनी, मग आठवड्याने, पुन्हा तेच करावे. प्रारंभी हे फार जड जाते, हेही सांगून ठेवते.

परिचारिकेच्या बाबतीत हा प्रश्न केवळ गुणांचा नसतो. इन्सुलिनचेच पाहा. एका मिलिलिटरमध्ये ४० युनिटे असलेले आणि १०० युनिटे असलेले, असे दोन्ही प्रकारचे इन्सुलिन आपल्या देशात मिळते. पहिल्यासाठी लाल टोपीची सिरिंज, दुसऱ्यासाठी नारिंगी. ४० च्या बाटलीतील औषध चुकून १०० च्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत घेतले, तर रोग्याला २० ऐवजी ८ युनिटेच मिळतात. उलट १०० चे औषध ४० च्या सिरिंजमध्ये त्याच खुणेपर्यंत घेतले, तर ५० युनिटे जातात, आणि रोगी बेशुद्ध पडू शकतो, प्राणावरही बेतू शकते. हे गणित रोज एक-दोनदा, निरनिराळे आकडे घेऊन, हाताने सोडवावे. नुसते सूत्र घोकून वॉर्डातल्या घाईत ते सुचेलच असे नाही.

रात्रपाळी करून आलेल्या मुलीला मात्र आधी झोपू द्यावे. शिकलेले मनात पक्के होण्यास झोप लागतेच; त्या वेळी पुस्तक पुढे करणे हा निव्वळ अत्याचार होय.

वॉर्डात दिवसा जो रोगी पाहिला, त्याच्याच आजाराचे प्रकरण संध्याकाळी उघडावे. चेहरा डोळ्यांसमोर असला की लक्षणे सुटी राहत नाहीत. आणि ते घरात कुणाला तरी मराठीत समजावून सांगावे. ऐकणाऱ्याला इंग्रजी येत नसेल तर उत्तमच, कारण मग मोठ्या शब्दांआड लपता येत नाही. एके संध्याकाळी पुतणी आजीला इन्सुलिनविषयी सांगत होती. आजींनी सहज विचारले, "अगं, पण सुई टोचल्यावर जेवायचंच राहिलं तर?"

ती थबकली. घाम, थरथर, धडधड, गोंधळलेली बुद्धी ही साखर उतरल्याची लक्षणे तिने तीनदा वाचलेली होती. त्यांचा जेवणाच्या ताटाशी संबंध तिने तोवर जोडला नव्हता. पुस्तक पुन्हा उघडले गेले. दुसऱ्या दिवशी शिक्षिकेच्या देखरेखीखाली इन्सुलिन देण्यापूर्वी तिने विचारले ते हेच, की रोग्याचे जेवण आले आहे काय.