हळदीची ऑर्डर, वाटाण्याचं रोप

नवी मुंबईत गव्हाण फाट्याच्या आसपास फोटोचा धंदा टाकायचा बेत आहे? मग कॅमेऱ्याचं मॉडेल नंतर, आधी गिऱ्हाईक ठरवा. इथलं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे हळद! आगरी-कोळी घरांत हळदीची रात्र लग्नाच्या तोडीची, कधी कधी त्याहून दणक्यात. धवलारीण धवले म्हणजे लग्नगीतं गाते, मांडवात पाय ठेवायला जागा नसते, मग बँड नाहीतर डीजे. फोटोग्राफरचा कस इथेच लागतो. अंगाला हळद, मागे पिवळ्या झेंडूच्या माळा आणि वरून निळे-जांभळे एलईडी. कॅमेरा ऑटोवर सोडला की नवरी एका फोटोत पिवळी, पुढच्यात जांभळी. व्हाइट बॅलन्स स्वतः सेट करा, रॉमध्ये काढा आणि एकाच वेळी दोन कार्डांवर साठवा. एवढी मेहनत असताना हळद लग्नाच्या पॅकेजात फुकट घालायची नाही; तिचा दर वेगळाच लावायचा.

गिऱ्हाईक ओळखण्यात जुन्या काळातले फोटोग्राफर लाला दीनदयाळ यांचा हात कोण धरणार? 1892 साली त्यांनी हैदराबाद संस्थानात पडदानशीन स्त्रियांसाठी खास जनाना स्टुडिओ काढला आणि तो चालवायला बाईच नेमली. चार वर्षांत मुंबईतही त्यांचा स्टुडिओ उभा राहिला. आजही नवरीच्या खोलीत कॅमेरा घेऊन मुलगी गेली की सगळ्याजणी मोकळेपणी वावरतात. टीममध्ये एक तरी मुलगी हवीच.

दादासाहेब फाळकेही मूळचे याच धंद्यातले, हे किती जणांना ठाऊक असतं? बडोद्यात त्यांचा धंदा बसला, कारण कॅमेरा अंगातली शक्ती शोषून घेतो अशी आवई उठली होती. पण 1912 साली त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याचं रोप कसं वाढतं ते महिनाभराहून अधिक काळ टिपलं, त्याचा चिमुकला चित्रपट केला आणि तो दाखवून ‘राजा हरिश्चंद्र’साठी पैसा उभा केला. शब्दाने पटवण्यापेक्षा नमुना दाखवणं कसं फळतं, याचं याहून सुंदर उदाहरण मला माहीत नाही. तुम्हीही पहिला अल्बम घरच्याच एखाद्या बारशाचा करा, पण जीव ओतून.

आता मोक्याच्या जागेचं. अटल सेतू आणि खारकोपर-उरण लोकल, दोन्हींचं उद्घाटन एकाच दिवशी झालं, 12 जानेवारी 2024 ला. 21.8 किलोमीटरचा पूल ओलांडला की शिवडी, म्हणजे मुंबईची ऑर्डरही आवाक्यात आली. मात्र शेजारी विमानतळ आल्यामुळे ड्रोनला लगाम! चालू विमानतळाच्या हद्दीपासून 8 किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही. वरातीच्या ‘ड्रोन शॉट’चा शब्द देण्याआधी डिजिटल स्काय पोर्टलवरचा नकाशा बघा.

चातुर्मासात लग्नाचे मुहूर्त जवळपास नसतात. तेव्हा गणपती, डोहाळजेवण आणि शेजारच्या उलव्यात विकायला निघालेल्या फ्लॅटचे फोटो यांवर भर द्या.

शेवटचं ऐकून बरेच फोटोग्राफर चमकतात. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 नुसार, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक गिऱ्हाईक असतो, वेगळा करार नसेल तर. लग्नाचे फोटो आपल्या इन्स्टाग्रामवर जाहिरातीसाठी टाकायचे असतील, तर तशी ओळ ऑर्डरच्या कागदावर छापून घ्या आणि ॲडव्हान्स घेतानाच तिच्याखाली सही घ्या.